चोरून भरलेली शाळा

स्मरणिकेत खोड्या, छड्या आणि स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. मी पडलो इतिहासाचा माणूस. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात मला लिहायचंय ते दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखालच्या पोलंडमध्ये चोरून भरणाऱ्या शाळांबद्दल. कोल्हापूरकडच्यांना पोलिश माणसं माहीत आहेत ती वळिवड्याच्या निर्वासित छावणीमुळे. पण 1943 पासून तिथे राहिलेले सुमारे 5000 लोक बहुतेक सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हाकलून नेलेल्या कुटुंबांतले होते. छावणीत त्यांच्या शाळा उजळ माथ्याने भरत. वॉर्सात अडकलेल्यांच्या नशिबी ते नव्हतं.

तिथे माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं बंद झाली. प्राथमिक आणि धंदेशिक्षणाच्या शाळा तेवढ्या उरल्या, पण त्यांतूनही इतिहास-भूगोल गेले आणि पुस्तकं जप्त झाली. 6 नोव्हेंबर 1939 ला क्राकूफच्या यागिएलोनियन विद्यापीठात प्राध्यापकांना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावून 183 जणांना धरलं आणि त्यांतल्या बहुतेकांना साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत धाडलं. नाझींच्या एसएस या दलाचा प्रमुख हिमलर याने मे 1940 मध्ये लिहूनच ठेवलं होतं: पूर्वेकडच्या बिगरजर्मन मुलांना फार तर 500 पर्यंत मोजता यावं, स्वतःचं नाव लिहिता यावं; वाचता येण्याची गरज नाही.

शिक्षकांनी ऑक्टोबर 1939 मध्येच गुप्त संघटना उभी केली. तिचे वर्ग घराघरांत भरत. एका वर्गात साधारण पाच ते दहा मुलं, कारण त्याहून जास्त पावलं जिन्यावर वाजली की शेजारपाजारी कुजबुज सुरू. मुलं एकदम यायची नाहीत, एकेकटी यायची. दप्तर नाही, वही कोटाच्या आत. जागा सतत बदलायची आणि संचारबंदीआधी सगळे घरी. व्याकरण, गणित, लॅटिन अशा खोलीत चालून जायचं. अडायचं ते रसायन-भौतिकात, कारण प्रयोगशाळा काही खिशात घालून नेता येत नाही.

खरा धोका मात्र रस्त्यावर होता. जर्मन एखादी गल्ली दोन्ही बाजूंनी बंद करून सापडेल त्याला उचलत आणि वेठबिगारीसाठी जर्मनीला पाठवत. डिसेंबर 1939 पासून 14 ते 18 वयाच्या मुलांवरही कामाची सक्ती करता येत होती. म्हणून पोराच्या खिशात कामाचा किंवा धंदेशाळेचा कागद हवाच. त्यातूनच पुढची शक्कल निघाली. नावाला शिवणाची किंवा व्यापाराची शाळा, आणि आत शिकवायचा जुन्या माध्यमिक शाळेचा अभ्यासक्रम. तपासणीला कुणी आलंच तर टेबलावर कापड पसरलेलं. डॉक्टर यान झाओर्स्की यांनी 1941 मध्ये वॉर्सात आरोग्यसेवकांची खासगी शाळा उघडली. परवानगी रीतसर जर्मनांची, आणि आत चालायचं वैद्यकीय महाविद्यालय! ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत युलियुश त्स्वाइबाउम यांनीही तेच केलं. तिथला टायफस जर्मनांच्या मनात धडकी भरवायचा, म्हणून ‘साथरोग प्रतिबंधाचा वर्ग’ या नावावर परवानगी मिळाली.

या सगळ्याला लागणारी भाकरी कुठून आली? 1941 मध्ये वॉर्सात शिधापत्रकावर पोलिश माणसाला दिवसाला साधारण 669 कॅलरी मिळत, ज्यूंना 184, जर्मनांना 2613. एवढ्यावर माणूस जगत नाही. खेड्यांतून चोरून आणलेल्या पीठ-बटाट्यांवर आणि डुकराच्या चरबीवर शहर तगलं. शिक्षकाची फीही कित्येकदा धान्याच्या रूपात यायची.

माझ्या मते सगळ्यात अवघड होती ती कागदपत्रं. शाळा म्हटली की हजेरीपट, गुणपत्रक, दाखला आलाच, आणि इथे तर प्रत्येक नाव म्हणजे गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, हातात आयती यादी. नावं न ठेवावीत तर उद्या परीक्षा दिल्याचा पुरावा कुठला? मधला मार्ग निघाला. नोंदी सांकेतिक, प्रमाणपत्रांवर काही वेळा युद्धाआधीची तारीख, काही ठिकाणी नुसतीच खूण. शिक्षकाची स्मरणशक्ती हेच बऱ्याचदा दफ्तर. आपल्या कार्यालयात दाखल्यासाठी ताटकळलेल्यांना हे वाचून जरा धीर यावा.

1944 पर्यंत माध्यमिक स्तरावर सुमारे 1 लाख मुलं आणि उच्च शिक्षणात 10 हजारांच्या आसपास विद्यार्थी असे शिकत होते. त्या ऑगस्टमध्ये वॉर्साचा उठाव झाला. तो मोडल्यावर जर्मनांनी उरलंसुरलं शहर घरामागून घर जाळलं. युद्धानंतर पडताळणी समित्या बसल्या आणि या वर्गांतलं शिक्षण त्यांनी ग्राह्य धरलं.