‘दोन झडपा नादुरुस्त’ हा शेरा कसा खोडून घेतला

विज्ञान प्रदर्शनाच्या शिक्षक गटात प्रतिकृती मांडू इच्छिणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. प्रतिकृती बनवण्यापेक्षा ती तपासणीच्या टेबलावरून पुढे सरकवणे अवघड असते आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

माझा विषय होता जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतील निअरस्पेक या वर्णपटमापकाच्या, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मोजणाऱ्या उपकरणाच्या, सूक्ष्म झडपा. नासाच्या गोडार्ड केंद्राने बनवलेल्या या झडपांच्या चार जाळ्या आहेत. प्रत्येक जाळीत ३६५ गुणिले १७१, म्हणजे एकूण सुमारे अडीच लाख झडपा असून एकेक झडप साधारण ०.१ मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर लांब आहे. हव्या त्या आकाशगंगांसमोरच्या झडपा उघड्या ठेवून बाकीच्या मिटवल्या, की शेजारच्या ताऱ्यांचा उजेड आत येत नाही आणि शंभरेक आकाशगंगांचे वर्णपट एकाच वेळी घेता येतात.

सामान लातूरच्या गंजगोलाईत आणि एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळाले. जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे कापून प्रत्येकावर स्टेपलरची पिन चिकटवली. वरून चुंबकाची पट्टी फिरवली की सगळे तुकडे एकदम उचलले जात. मूळ यंत्रातही फिरते चुंबकच झडपा उघडते, मात्र त्यांना उघडे धरून ठेवतो तो विद्युतदाब, आणि नको असलेल्या झडपांवरचा दाब काढला की त्या मिटतात. मी त्याऐवजी खिळ्यावर तांब्याची तार गुंडाळून केलेले विद्युतचुंबक वापरले आणि हा फरक तक्त्यावर स्पष्ट लिहिला. असा फरक लपवू नये, परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात.

अडले ते तालुक्याच्या तपासणीत. दोन झडपांवर मी लाल ठिपके दिले होते. एक कधीच उघडत नव्हती, दुसरी कधीच मिटत नव्हती. तपासणाऱ्या साहेबांनी बटण दाबून पाहिले आणि म्हणाले, ‘सर, ह्या दोन चालंनात की.’ मी म्हणालो, ‘साहेब, मुद्दामच तशा ठेवल्यात.’ त्यावर ‘मुद्दाम कोण बिघडवून आणतंय?’ असे म्हणून त्यांनी प्रपत्रावर ‘दोन झडपा नादुरुस्त, दुरुस्त करून आणावे’ असा शेरा मारला. शेजारच्या टेबलावर विचारले, तर ज्यांनी शेरा मारला त्यांनीच तो खोडायचा असे उत्तर मिळाले, आणि तोवर साहेब प्रशिक्षणाला निघून गेले होते. (खर्चाच्या रकान्यात भंगारातल्या वस्तूंपुढे शून्य लिहू नये, ‘टाकाऊ वस्तू’ लिहावे, त्यावरही अडवणूक होते.)

दुरुस्ती करणे सोपे होते, पण मग प्रतिकृतीतला निम्मा अर्थच गेला असता. दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी झेपावली ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे, झडपा उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत काम करतात, आणि तिथे मेकॅनिक पाठवता येत नाही. काही झडपा उघडत नाहीत, मोजक्या मिटत नाहीत, तर काही ओळी शॉर्टसर्किटमुळे चमकतात म्हणून बंद ठेवाव्या लागतात. निरीक्षणाचे नियोजन या सगळ्यांची यादी समोर ठेवूनच केले जाते.

हेच अर्ध्या पानाच्या निवेदनात लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने दिले. साहेब परतल्यावर मात्र कागदापेक्षा विद्यार्थिनीने दाखवलेला प्रयोग उपयोगी पडला. तिने मागून टॉर्च धरली आणि सीडीच्या तुकड्यावरून न मिटणाऱ्या झडपेचा आणि त्याच ओळीतल्या एका चांगल्या झडपेचा उजेड पांढऱ्या कागदावर पाडला. न मिटणाऱ्या झडपेचे रंग चांगल्या झडपेच्या रंगांवर चढलेले स्पष्ट दिसत होते. साहेब वाकून पाहत म्हणाले, ‘म्हंजे हिचा उजेड तिच्यात घुसतोय.’ त्यांनी शेरा खोडला.

निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा आणि खोडलेल्या शेऱ्याशेजारी सही व तारीख मागून घ्यावी, कारण नुसती रेघ मारलेला शेरा जिल्ह्याच्या टेबलावर पुन्हा वाचला जातो.