नामाच्या अलीकडे, नामाच्या पलीकडे

आमच्या इमारतीतल्या काकूंची छत्री लिफ्टपाशी राहिली आणि नाहीशी झाली. फलकावर नोटीस लावायची तर ती इंग्रजीत हवी, कारण इमारतीत आता हिंजवडीला नोकरीला जाणारे परप्रांतीय भाडेकरू बरेच आहेत, आणि म्हणून काकू दुपारच्या चहाच्या वेळी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्या सुचेल तसे सांगत गेल्या: जपानी आहे, मुलाने तिकडून आणली होती, काळी आहे, आता जुनी झाली आहे म्हणा, आणि लहानशी, पिशवीत मावेल अशी. मी लिहिले, ‘अ स्मॉल ओल्ड ब्लॅक जॅपनीज अम्ब्रेला’. काकूंनी सांगितलेला क्रम कागदावर बरोबर उलटा झाला होता. एवढ्यात त्यांना आठवले, “अहो, छान होती हो, तेही लिहा.” ओळीच्या सुरुवातीला जागा नव्हती, तरी हात आपोआप मागे गेला आणि ‘अ’ आणि ‘स्मॉल’ यांच्या मधल्या फटीत मी बारीक अक्षरांत ‘नाइस’ कोंबले. शेवटी ‘अम्ब्रेला’च्या अलीकडे भरपूर मोकळी जागा होती, तिथे ते लिहावे असे मनातही आले नाही.

काकू गेल्यावर मी त्या कागदाच्या कच्च्या प्रतीकडे बराच वेळ पाहत बसले. हा क्रम मला कोणी शिकवला होता? इंग्रजीत एका नामाआधी अनेक विशेषणे लावायची झाली, तर आधी आपले मत, मग आकारमान, मग वय, मग घाट, मग रंग, मग मूळ ठिकाण, मग ती वस्तू कशाची आहे ते, आणि नामाला अगदी खेटून ती कशासाठी आहे ते, अशी त्यांची रांग लागते. ज्यांची ती मातृभाषा आहे, त्यांतल्या बहुतेकांना हा नियम सांगता येणार नाही. पण कोणी ‘ब्लॅक स्मॉल अम्ब्रेला’ म्हटले की त्यांच्या कानाला ते लगेच खटकेल. भाषेच्या अभ्यासकांचे एक म्हणणे असे आहे, की जो गुण वस्तूच्या अंगचा असतो तो नामाजवळ राहतो आणि जो केवळ बोलणाऱ्याच्या मनातला असतो तो दूर उभा राहतो. छत्रीचे जपानी असणे कोणी नाकारू शकत नाही; तिच्या छान असण्याबद्दल काकूंच्या सुनेचे मत वेगळे असू शकते. मला हे पटते. मराठीत मात्र ‘जुनी काळी छत्री’ आणि ‘काळी जुनी छत्री’ या दोन्ही सुखाने नांदतात; फार तर जोर कशावर आहे एवढा किंचित फरक कानाला जाणवतो.

टिळक रस्त्यावरून जाताना न्यू इंग्लिश स्कूलची पाटी कितीदा तरी वाचली असेल, पण तिच्यातला क्रम त्या दुपारनंतर प्रथम दिसला. चिपळूणकर आणि टिळक यांनी 1880 साली शाळा काढली तेव्हा ‘न्यू’ आधी आणि ‘इंग्लिश’ नंतर आले, आणि ते तसेच येणे भाग होते. ‘न्यू’ हे विशेषण इंग्रजीला लागलेले नाही. ‘इंग्लिश’ आणि ‘स्कूल’ यांची जी जोडी आधी जमली आहे, त्या सबंध जोडीला ते लागले आहे. नवी आहे ती शाळा, इंग्रजी नव्हे. तिचे नवेपण दीडशे वर्षांच्या घरात आले, ही गोष्ट वेगळी. नावात जाऊन बसलेल्या विशेषणाला आपल्या शहरात निवृत्तीचे वय नाही. 1923 साली बांधलेला पूल अजून नवा पूल आहे आणि लकडी पुलात लाकूड शोधण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

पुढे 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. त्या नावात खरे पाहता एकही विशेषण नाही, तीन नामेच आहेत. पण पहिली दोन तिसऱ्याच्या पुढे उभी राहिली म्हणून विशेषणांचे काम करू लागली. इंग्रजीत नुसते पुढे उभे राहणे पुरते. ‘मिल्क चॉकलेट’ खायचे असते आणि ‘चॉकलेट मिल्क’ प्यायचे, शब्द मात्र तेच दोन. आपल्याला ‘दुधाचे’ किंवा ‘दुधी’ असे काहीतरी करावे लागते, आणि नंतर त्या ‘दुधाचे’चेही नामाप्रमाणे ‘दुधाचा’, ‘दुधाची’, ‘दुधाच्या’ होत राहते. मराठी विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे रूप बदलते, विभक्ती आली की ‘चांगल्या मुलाला’ असे आणखी वाकते. लाल, सुंदर, हुशार ही मंडळी तेवढी कोणासाठी बदलत नाहीत. प्राचीन इंग्रजीतही विशेषणांना लिंग, वचन आणि विभक्ती यांचे प्रत्यय लागत असत. शब्दांची शेवटची अक्षरे शतकानुशतके झिजत गेली आणि पंधराव्या शतकापर्यंत ते प्रत्यय जवळजवळ नाहीसे झाले. आजचे इंग्रजी ‘गुड’ मुलाला, मुलीला आणि मुलांच्या अख्ख्या वर्गाला एकाच रूपात पुरते. रूप बदलण्याची सोय गेल्यावर शब्दाने कुठे उभे राहायचे, यालाच किंमत आली.

शाळेत मात्र आम्ही विशेषण म्हणजे डिग्री एवढेच शिकलो. नारायण पेठेतल्या एका वाड्यात, निवृत्त झालेल्या एका सरांकडे मी शिकवणीला जात असे. माडीवरच्या खोलीत सतरंजी, भिंतीला टेकवलेला फळा, आणि खालच्या नळावर भांड्यांचा आवाज चालू असताना वरती ‘चेंज द डिग्री’. पॉझिटिव्ह, कम्पॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह. ‘नो अदर’ने सुरुवात करा, ‘व्हेरी फ्यू’ने सुरुवात करा. सगळ्या गाइडांमध्ये पहिले वाक्य ‘रमेश इज द टॉलेस्ट बॉय इन द क्लास’ असे असे. सरांकडे ते वाक्य चालत नसे. वर्गातल्या मुलांवर तुलनेची वाक्ये करायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता आणि त्याचे कारण त्यांनी कधी सांगितले नाही. त्यामुळे आमची सगळी तुलना डोंगरांवर आणि नद्यांवर चाले. ‘कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र’. मग ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज ॲज हाय ॲज कळसूबाई’. मग ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’. या शेवटच्या वाक्यात कोणी ‘अदर’ गाळला की सर खडू खाली ठेवत आणि विचारत, “कळसूबाई कुठे आहे? महाराष्ट्रात ना? मग ती स्वतःहून उंच कशी?” अर्धा गुण जाई. 1646 मीटर उंचीचे ते शिखर स्वतःपेक्षा उंच होऊ नये म्हणून आम्ही केवढी काळजी घेतली! तर्कशास्त्र म्हणून पुढे जे काही शिकले, त्यातले निम्मे मला त्या ‘अदर’मध्येच मिळाले होते.

पण विशेषणाच्या जागेबद्दल सर काही बोलले नाहीत, आणि त्या काळात कोणीच बोलत नसे. जागेमुळे किती घोटाळे होतात ते मला सोसायटीच्या सभांमध्ये कळले. इतिवृत्तात ‘प्रेझेंट मेंबर्स’ लिहिले की सध्याचे सगळे सभासद होतात, आणि ‘मेंबर्स प्रेझेंट’ लिहिले की जे त्या दिवशी खुर्चीवर येऊन बसले तेवढेच. गणसंख्येचा प्रश्न असताना हा फरक क्षुल्लक नसतो. एका वार्षिक सभेनंतर मी तो नम्रपणे दाखवून दिला, तेव्हा चिटणिसांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिला त्यांनी बहुधा ‘नाइस’ हे विशेषण लावले नसते. तीच गत ‘कन्सर्न्ड’ची. आपल्याकडच्या प्रत्येक सरकारी पत्रात ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ला भेटायला सांगितलेले असते. इंग्रजांच्या सवयीप्रमाणे ‘ऑफिसर कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधित अधिकारी, आणि शब्द पुढे आणला की तो चिंताक्रांत अधिकारी होतो. असा अधिकारी मला अजून भेटायचा आहे.

काही विशेषणे तर नामाच्या पुढे यायलाच तयार नसतात. ‘द बेबी इज अस्लीप’ ठीक आहे, पण ‘ॲन अस्लीप बेबी’ म्हणता येत नाही, कारण त्यातला पहिला ‘अ’ हा मुळात ‘ऑन’ या शब्दयोगी अव्ययाचा झिजलेला अवशेष आहे, ‘अलाइव्ह’चेही तसेच. उलट ‘मेन’, ‘मिअर’ हे शब्द पुढेच राहतात, क्रियापदानंतर एकटे उभे राहत नाहीत.

आणि ‘लेट’ दोन्हीकडे उभा राहतो. क्रियापदानंतर आला तर माणसाला उशीर झालेला असतो, नावाच्या आधी आला तर माणूस गेलेला असतो. सदनिका माझ्या नावावर करण्याच्या अर्जात हे विशेषण पहिल्यांदा माझ्या वाट्याला आले. मराठीत ‘कै.’ लिहिताना त्यातला कैलास तरी सोबतीला असतो. इंग्रजी रकान्यात चार अक्षरे आहेत आणि ती कुठे लिहायची एवढाच प्रश्न आहे. सरांनी घोकून घेतलेल्या तिन्ही पायऱ्या इथे उपयोगाच्या नाहीत. ‘लेटर’ आणि ‘लेटेस्ट’ म्हटले की अर्थ उशिराकडे किंवा ताज्या बातम्यांकडे जातो, मूळ अर्थाला ना कम्पॅरेटिव्ह आहे ना सुपरलेटिव्ह. बाबांच्या नावाआधी मी तो शब्द लिहिला आणि अर्ज देऊन टाकला.