वाघनखांच्या कपाटापुढे

रविवार

भाचीला घेऊन आज एका वस्तुसंग्रहालयात गेले होते. शस्त्रदालनातल्या वाघनखांच्या कपाटापुढे आमचा तरुण गाईड थांबला आणि अशाच वाघनखांनी महाराजांनी 'मोगल सरदार' अफजलखानाचा कोथळा बाहेर काढला, असे त्याने अगदी रंगून सांगितले. काचेआड आडवी पोलादी पट्टी, तिला चार वाकडी नखे आणि दोन टोकांना दोन कड्या होत्या. कड्या बोटांत घातल्या की नखे मुठीत कशी लपतात, हे त्याने स्वतःची मूठ मिटून दाखवले, ते मात्र फार सुरेख होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी आलेला खान विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे भाचीलाही ठाऊक असल्याने तिने माझा हात ओढला. मी तिला डोळ्यांनीच थांबवले, कारण चारचौघांत चूक काढली की माणूस चूक ऐकत नाही, अपमान तेवढा ऐकतो. मी स्वतः नोकरीत हे दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

मंडळी पुढच्या दालनात गेल्यावर मी त्याला म्हटले, "दादा, तुम्ही फार छान सांगता. फक्त खान आदिलशाहीचा ना? मोगलांचा शाहिस्तेखान पुण्यात आला तो पुढच्या वर्षी." तो क्षणभर गोंधळला, मग हसून म्हणाला, "ताई, पण लंडनच्या वाघनखांच्या पेटीवरही मोगलच लिहिले आहे."

हे खरेच आहे. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून आलेल्या आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीच्या त्या वाघनखांच्या पेटीवर 'मोगल सेनापती' असाच इंग्रजी मजकूर आहे. ती वाघनखे महाराजांचीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते, हेही त्यानेच मला ऐकवले. ते सांगून भाव खाण्याचा माझा बेत होता, तो तिथेच बारगळला. पेटीवरचा मजकूर वाचलेला माणूस 'मोगल' म्हणाला, तर त्याचा दोष कितीसा, असे वाटून मी ओशाळले.

निघताना त्याच कपाटापुढे तो दुसऱ्या गटाला माहिती देत होता. "विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार," असे त्याने स्पष्ट म्हटले, माझ्याकडे ओझरते पाहिले आणि पुढे ठासून सांगितले, "उंची पुरी सात फूट!" भाचीने पुन्हा माझा हात ओढला. मी तिला घेऊन जिना उतरले.