गोड स्टाउट: गूळ नको, लॅक्टोज घ्या

घरी केलेला स्टाउट (काळी बिअर) फार कडवट झाला म्हणून साखर किंवा गूळ घालाल, तर यीस्ट ते फस्त करून बिअर आणखी कोरडी, म्हणजे कमी गोड, करेल. बाटलीत जास्त पडलं तर बाटलीच फुटेल. यीस्टला न पचणारं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, हवं. इंग्लंडचा मिल्क स्टाउट त्यावरच उभा आहे. 20 लिटरला 400 ग्रॅम, आंबवण्याआधीच्या उकळीच्या शेवटच्या 10 मिनिटांत, ढवळत ढवळत, नाहीतर तळाशी करपतं. हायड्रोमीटर (बिअरची घनता मोजणारं साधन) शेवटी नेहमीपेक्षा 7-8 अंक वरच थांबेल. आंबणं अडकलं समजून पुन्हा यीस्ट टाकू नका.

बिअर आधीच तयार असेल तर ग्लासात करून बघा: 200 मिलीत 2 ग्रॅम. चव जमली की 20 लिटरला 200 ग्रॅम, थोड्या पाण्यात 10 मिनिटं उकळून, गार करून घाला. दूध न सोसणाऱ्या पाहुण्यांना मात्र आधीच सांगा.