नवतप्यात तयारी, जुलैत रोथ: नागपूरच्या ट्रायथलीटांसाठी जर्मनीहून

जर्मनीत लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचा हंगाम जून-जुलैचा. बव्हेरियातल्या रोथ गावची चॅलेंज बहुधा जुलैच्या पहिल्या रविवारी असते, फ्रँकफुर्टची आयर्नमॅन त्याच्या आगेमागे. ३.८ किलोमीटर पोहायचं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावायचं. इथे राहणाऱ्याला हे वेळापत्रक फार सोयीचं. मे-जूनमध्ये पाचलाच उजाडतं, हवा १५-२० अंशांवर असते, सहा तासांची राइड करूनही माणूस दुपारी जेवायला घरी ताजातवाना येतो. नागपूरहून येणाऱ्याचं गणित मात्र उलटं पडतं. कुठलाही तयार प्लॅन घ्या, सगळ्यात जड आठवडे स्पर्धेच्या तीन ते सात आठवडे आधीचे असतात. जुलैच्या पहिल्या रविवारपासून मागे मोजत या, ते आठवडे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतात. म्हणजे ऐन नवतप्यात, मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. आणि टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करत नेण्याचा काळ, सुरू होतो तेव्हा पाऊस आलेला असतो.

युरोपात लिहिलेला प्लॅन नागपुरात जसाच्या तसा पाळू नका. सगळ्यात लांब राइड आणि सगळ्यात लांब रन फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकून घ्यावेत, तेव्हा सकाळी दहापर्यंत रस्त्यावर राहता येतं. एप्रिलपासून एकूण तास कमी करायचे, पण तीव्रता सोडायची नाही. शरीराचा एक मोठा उपकार असा की वेगाची, जोराची सत्रं चालू राहिली तर एकूण व्हॉल्यूम निम्म्यावर आणूनही काही आठवडे दम टिकतो. उलट, तास तेवढेच ठेवून सगळंच हळूहळू केलं तर पाय जड होतात आणि मन त्याआधी. त्यामुळे मेमध्ये आठवड्याला एकच लांब राइड, तीही चार तासांच्या आतली. पहाटे चारला निघालं तर आठपर्यंत घरी. मागेपुढे दिवे आणि रिफ्लेक्टर लावूनच निघा. वर्धा रोडवर त्या वेळी रात्रपाळीचे ट्रक असतात आणि चालकाच्या डोळ्यांत झोप असते.

बाकीची सायकल घरात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. कूलरपुढे ट्रेनर लावणारे खूप आहेत, पण बहुतेकांची खिडकी बंद असते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून खेचतो. समोरून ती हवा बाहेर जायला वाट नसेल तर अर्ध्या तासात खोलीतली आर्द्रता चढते, घाम सुकत नाही, अंगावरून नुसता ओघळतो आणि हार्ट रेट चढतच जातो. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला, समोरचं दार किंवा खिडकी पूर्ण उघडी, आणि वेगळा पंखा छातीवर. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपला, मग एसीच्या खोलीत जा नाहीतर पंखे दोन करा. उन्हाळ्यात तेवढ्याच वॉटला, म्हणजे पायांच्या तेवढ्याच जोराला, हार्ट रेट दहा-पंधरा ठोके जास्त दिसतो. म्हणून फिटनेस गेली असं समजू नका. पॉवर मीटर असेल तर वॉट बघा, नसेल तर श्वासावरून ठरवा आणि घड्याळातल्या पेसचा नाद काही आठवडे सोडा.

घाम मोजणं सोपं आहे. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक तास राइड, पाणी मोजून प्या, मग अंग पुसून पुन्हा वजन. ६८.० किलोचे ६७.२ झाले आणि ७०० मिलिलिटर प्यायलात, तर तासाला दीड लिटर घाम गेला. तेवढं सगळं परत पिता येत नाही. बहुतेकांच्या पोटात तासाला ८०० मिलिलिटर ते एक लिटरच्या वर राहत नाही, त्यापुढचं नुसतं डुचमळतं. आणि नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं ही त्याची लक्षणं, आणि लोक ती उन्हाची समजून आणखी पाणी पितात.

घरची बाटली अशी: ७५० मिलिलिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ म्हणजे साधारण दीड ग्रॅम, अर्धं लिंबू. यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात आणि आतडं दोन्ही वेगळ्या वाटांनी शोषतं, म्हणून तासाला ६० ते ९० ग्रॅमपर्यंत ती चालते. निव्वळ ग्लुकोजची पावडर तासाला ६० ग्रॅमच्या पुढे गेली की पोट बंड करतं. ओआरएसचं पाकीट जुलाबासाठी बनवलेलं असतं. त्यात मीठ भरपूर आणि साखर लिटरला फक्त साडेतेरा ग्रॅम, त्यामुळे राइडनंतर ठीक, राइडमध्ये त्यावर पाय चालत नाहीत. कैरीचं पन्हं मात्र मीठ-साखर मोजून घातलं तर ट्रेनरवर उत्तम जातं. गर पातळ गाळून घ्या.

आता खंड पडण्याविषयी. मे-जूनमध्ये तो पडणारच, पोट बिघडेल, ताप येईल, लू लागेल, घरात लग्न असेल. सुटलेला व्यायाम उसना मानून फेडायला जाऊ नका. दोन-तीन दिवस गेले तर प्लॅनमध्ये आजची जी तारीख आहे तिथूनच पुढे चला, मागचं सोडून द्या. आठवडा गेला तर पहिले तीन दिवस निम्म्या वेळेचे, सगळे सोपे, मग पुन्हा गाडी रुळावर. दोन आठवड्यांहून जास्त गेले तर वेळेचं लक्ष्य बदला, पूर्ण करण्याचं ठेवा. चार आठवड्यांचं काम दोन आठवड्यांत कोंबणारा माणूस स्पर्धेला येतो तो पोटरीवर टेप लावून.

तापात काहीही करू नका, अगदी हलका स्विमही नाही. विषाणूचा ताप असताना जोर केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. नुसतं नाक वाहत असेल तर सोपा अर्धा तास चालेल. छातीत कफ, अंगदुखी, ताप असेल तर पूर्ण विश्रांती. ताप गेल्यावर जितके दिवस ताप होता तितके दिवस हलकेच जाऊ द्या. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके वर असेल तर अजून एक दिवस थांबा. गोव्याच्या ७०.३ साठी, म्हणजे अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनसाठी, तयारी करणाऱ्यांना हे जास्त लागू पडतं, कारण त्यांचे जड आठवडे पावसाळ्यात आणि डेंग्यूच्या दिवसांत येतात. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं स्वतःहून घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो. डेंग्यूनंतर प्लेटलेट्स वर आल्या तरी थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो. तिथे रिपोर्टपेक्षा जिन्याने वर जाताना काय वाटतं ते बघा.

धावण्यातल्या दुखण्यांपैकी एकाला सगळ्यात जास्त घाबरा. नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री पडल्यावरही ठणकतं, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. सुरुवातीचे काही आठवडे एक्स-रेत ते दिसत नाही, एमआरआयत दिसतं. “एक्स-रे नॉर्मल आहे” एवढ्यावर पुन्हा पळायला लागणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. नागपुरात आता बरेच रस्ते सिमेंटचे आहेत, आणि एकाच कडेने, उतरत्या बाजूवर रोज पळालं की एकाच पायावर भार येतो. आठवड्यातले निम्मे रन सेमिनरी हिल्सच्या मातीवर करा. डी जीवनसत्त्व तपासून घ्या, आपल्याकडे भर उन्हाच्या गावांतही त्याची कमतरता सर्रास आढळते. फ्रॅक्चर निघालंच तर सहा-आठ आठवडे पळणं बंद. तोवर जलतरण तलावाच्या खोल टोकाला, कमरेला तरंगण्याचा पट्टा बांधून पाण्यातच पळायचं. अर्धा तास आलटून पालटून जोरात आणि हळू करा, कंटाळा येतो पण दम राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर आधी सॅडल खाली तर नाही ना बघा, मागून दुखत असेल तर सॅडल वर आहे. पाच-पाच मिलिमीटरनेच हलवा.

इथे येऊन नागपूरकराला खरा धक्का बसतो तो पाण्याचा. रोथला माइन-डॅन्यूब कालव्यात पोहायचं असतं, सकाळी साडेसहापासून स्पर्धकांचे गट एकामागून एक सुटतात. तेव्हा हवा १२-१३ अंश आणि पाणी विशीच्या आसपास. मे महिन्यात नागपूरच्या तलावातलं पाणी तिशीच्या पुढे असतं. थंड पाण्यात शिरल्यावर पहिलं दीड मिनिट श्वास आपोआप धापेसारखा होतो, डोकं पाण्यात घालवत नाही, छाती आवळते. ही घबराट नव्हे, ती शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि सरावाने बरीच कमी होते. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडक्या पुरतात.

नागपुरात हे घरी करता येतं. दोनशे लिटरचा ड्रम घ्या, पण पाणी १२० लिटरच भरा, कारण माणूस मानेपर्यंत उतरला की साठेक लिटर पाणी वर येतं. ३० अंशांचं पाणी १५ अंशांवर आणायला साधारण १९ किलो बर्फ लागतो. बर्फ कारखान्यातली लादी पोत्यात घालून फोडून घ्या, आख्खी टाकली तर वितळायला वेळ लागतो आणि वर थंड, खाली कोमट राहतं. काठीने ढवळून थर्मामीटरने बघा. ड्रममध्ये उतरायला आणि बाहेर यायला स्टूल हवं, शेजारी माणूस हवाच. आत गेल्यावर श्वास घेण्याचा विचार करू नका, लांब सोडा, मग तो आपोआप आत येतो. तीन मिनिटांत बाहेर. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. स्पर्धेआधीच्या तीन आठवड्यांत, एक दिवसाआड. अंबाझरी किंवा फुटाळा तलावात परवानगी आणि बचाव-बोट नसताना उतरू नका. उघड्या पाण्याचा सराव स्विमिंग पुलातही होतो. भिंतीला हात न लावता दोन मीटर आधीच वळा, एका लेनमध्ये चौघं पोहा, आठ हात मारले की मगरीसारखे फक्त डोळे वर काढून समोर बघा.

वेटसूट, म्हणजे रबरी निओप्रीनचा पोहण्याचा सूट, पाणी साडेचोवीस अंशांपर्यंत असेल तर चालतो, आणि रोथला पाणी तेवढं गार असेल तर तो घालायलाच हवा. घालताना पायात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, पाय सरकन जातो. नखांनी ओढू नका, निओप्रीन चंद्रकोरीसारखं फाटतं, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर सरकवा. मांड्यांपासून कापड वर घेत जा, म्हणजे खांद्याला ढील मिळते. ती मिळाली नाही तर दोन किलोमीटरनंतर खांदे भरून येतात आणि दोष पोहण्याला दिला जातो. मानेला सिलिकॉनचं वंगण लावा, व्हॅसलिन नको. नागपूरच्या तलावात मेमध्ये वेटसूट घालून दहा मिनिटांपेक्षा जास्त पोहू नका, त्यात अंग तापतं. खरा सराव डिसेंबर-जानेवारीत करून ठेवा.

सायकल विमानातून आणत असाल तर नागपूर-मुंबई आणि पुढचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा, नाहीतर देशांतर्गत फेरीत सामानाची मर्यादा वेगळी लागते. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून फ्रेमच्या आत बांधा आणि तो फ्रेमला जोडणारा तुकडा, डिरेलर हँगर, एक जादा आणा, तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि इथे ऐन वेळी मिळत नाही. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा ठेवा, चाक काढलेलं असताना चुकून ब्रेक दाबला तर पिस्टन बाहेर येतो. भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी ब्रेक बघावा. भारतातल्या बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, इथे तो डाव्या हातात. उतारावर सवयीने डावा दाबलात की पुढचं चाक धरतं. आणि रस्त्याची उजवी बाजू. सायकल उजवीकडून चालवायची, पुढे डावीकडून जायचं, पुढे जाऊन झालं की पुन्हा उजवीकडे. स्पर्धेत डावीकडे रेंगाळलात तर वाट अडवल्याचा दंड बसतो. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत बारा मीटर अंतर हवं.

नागपूर सपाट, रोथच्या सायकलच्या वाटेवर ग्रेडिंग गावचा चढ आणि त्यामागून वळणाचे उतार आहेत. चढ रामटेक गडावर होतो. उतार मात्र शिकावा लागतो, त्यासाठी एकदोन शनिवार-रविवार चिखलदऱ्याला काढा. ब्रेक वळणाआधी, वळणात नको. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये एकट्याने रॅम, म्हणजे अमेरिका आरपार ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ सायकल स्पर्धा, पूर्ण केली, त्यात सुरुवातीलाच अमेरिकेचं वाळवंट लागतं. तशा स्पर्धेत नागपूरचं ऊन कामाला येतं. रोथला त्याचा उपयोग जुलैची दुपार तापली तर मॅरेथॉनमध्ये होतो, आणि कधी कधी ती तापतेही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. प्रवास विम्यात स्पर्धेतली इजा धरली आहे का ते वाचून घ्या, बऱ्याचदा ती वगळलेली असते. पाच-सहा दिवस आधी या. घड्याळ साडेतीन तास मागे जातं, त्यामुळे पहाटे तीन-चारला जाग येते. ती मोडू नका, स्पर्धेच्या दिवशी त्याच वेळी उठायचं आहे. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डोळ्यांवर पट्टी आणा. पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, छोटा कुकर आणलात तर शेवटचे दोन दिवस पोटाची काळजी नाही. तूप, पेढे, कुठलाही दुधाचा पदार्थ युरोपात आणायला मनाई आहे, आणि संत्रीही प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. दुकानातून पाणी घेताना बाटलीवर ‘श्टिल’ लिहिलेलं बघा, नाहीतर गॅसचं पाणी सायकलच्या बाटलीत भराल आणि पहिल्या खड्ड्याला झाकण उडेल. नळाचं पाणी खुशाल प्या. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून ट्यूब, हवा भरायचं गॅसचं कार्ट्रिज, केळी, जे काही राहिलं असेल ते शनिवारी दुपारपर्यंत घ्या.