पुल फक्त पीडब्ल्यूचाच का? नव्या आयर्न्सची पुढची नोंद

चोर सापडला. सहा आठवडे गोल्फच्या नव्या सेटमधल्या पीडब्ल्यू (पिचिंग वेज) आणि 9-आयर्नचे चेंडू डावीकडे पळत होते (यालाच पुल म्हणतात) आणि शिव्या खात होता स्विंगचा पाथ, म्हणजे क्लबचा मार्ग. पाथ निर्दोष आहे. घोळ लाय अँगलचा, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाचा निघाला, आणि तोही चांगला अडीच अंशांचा.

मागच्या नोंदीत तक्रार होती की नव्या आयर्न्सनी टेम्पो, म्हणजे स्विंगची लय, बिघडली; ती आधी मिटवून टाकू. जुने शाफ्ट (क्लबचे दांडे) 130 ग्रॅमचे, नवे 105 चे. एवढं वजन उतरलं की स्विंगच्या टॉपला हात उतावळे होतात, खांदे आधी फिरतात आणि क्लब चेंडूच्या मागे मातीत घुसतो. पाय जुळवून 7-आयर्नचे अर्धे स्विंग, रोज 30 चेंडू, एवढ्यावर हे सुटलं. फेसवर (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवून पाहिलं, दहातले आठ ठसे मध्यावर, उरलेले दोन किंचित हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला. ते दोन तेव्हाच खटकायला हवे होते.

आता मूळ दुखणं. पाथ बाहेरून आत येत असता तर 5-आयर्नही डावीकडे गेला असता. तो सरळ जातो. लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) वाढेल तसा पुल वाढतो, ही लायच्या चुकीची खूण. हिशेब सोपा आहे: लाय जितके अंश चुकली, त्याला लॉफ्टच्या टॅनने गुणा, फेस तितके अंश भलतीकडे बघतो. 21 अंशांच्या 4-आयर्नला टॅन 0.38, म्हणजे अडीच अंशांच्या चुकीत फेस जेमतेम एक अंश डावीकडे. 45 अंशांच्या पीडब्ल्यूला टॅन 1, म्हणजे पूर्ण अडीच अंश. 110 यार्डांवर हे जवळजवळ पाच यार्ड झाले. शिवाय अपराइट (लाय जास्त उभी असलेल्या) क्लबची हील आधी जमिनीला लागते, अडकते आणि फेस आणखी मिटतो. (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने.)

मोजमापासाठी लॉफ्ट-लाय मशीन शोधत बसू नका. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कुठल्याही टूलरूममध्ये सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक आणि बेव्हल प्रोट्रॅक्टर असतो, आणि तिथल्या माणसाचा हात आपल्यापेक्षा शंभरपट स्थिर. त्याला एकच गोष्ट नीट सांगा: सोल (क्लबचा तळ) टेकवून मोजायचं नाही, फेसवरच्या खाचा प्लेटला समांतर ठेवून मोजायचं. सोल गोलसर असतो. त्यावर भरवसा ठेवला की एक-दीड अंश इकडेतिकडे झालाच. आकडे असे आले: जुना 7-आयर्न 37 इंच, लाय 61. नवा 37.5 इंच, लाय 62.5. दीड अंश तर उघडच दिसतो. पण अर्धा इंच जास्त लांबी हातात सुमारे एक अंश अपराइट खेळते, म्हणून एकूण अडीच. ऑर्डर देताना ‘स्टँडर्ड’ लिहून मोकळं होण्याचा हा परिणाम. स्टँडर्ड असं काही नसतं, प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं असतं. जुन्या सेटची लांबी आणि लाय मोजून आकडेच लिहून द्यायला हवे होते.

टूलरूमचा आकडा क्लब स्थिर असतानाचा. स्विंगमध्ये शाफ्ट खाली वाकतो, म्हणून शाईची चाचणी हवीच. चेंडूवर जाड मार्करने उभी रेघ काढा, रेघ फेसकडे ठेवून मारा, मग फेसवरचा ठसा बघा. ठशाचा वरचा भाग टो-कडे (क्लबच्या पुढच्या टोकाकडे) कलला तर क्लब अपराइट, हीलकडे कलला तर फ्लॅट (लाय जास्त आडवी). आमचा ठसा पीडब्ल्यूपासून 7 पर्यंत टो-कडेच. सोलला टेप चिकटवून लाय-बोर्डवर (कडक फळीवर) मारायची पद्धत मात्र आम्हाला पटत नाही: बोर्डाच्या जाडीने उभं राहणंच बदलतं.

आणि सरावाच्या मॅटवर विसंबू नका. मॅटवर हील अडकत नाही, सोल घसरतो, फॅट शॉटसुद्धा (चेंडूआधी जमिनीला लागलेला) गोड वाटतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगड होते, पावसात चिखल. डिव्हॉट (फटक्याने मातीत पडलेला खड्डा) वाचायचा तर दिवाळीच्या आसपासचे आठवडे पकडा. हीलच्या बाजूला खोल डिव्हॉट म्हणजे अपराइट. (नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की लोकांना त्या नावाचं क्रिकेटचं मैदान आठवतं, डिव्हॉटची सहानुभूती कुठून मिळणार?)

बेत होता अडीच अंश फ्लॅट वाकवून घ्यायचा. हे लिहायला घेताना साधी गोष्ट सुचली: वाकवण्याआधी ग्रिप अर्धा इंच खाली धरून बघू. लांबी अर्धा इंच कमी, म्हणजे लाय हातात एक अंश फ्लॅट, खर्च शून्य. पीडब्ल्यूचे वीस चेंडू मारले. पुल साधारण निम्म्यावर आला, ठसा अजून थोडा कललेला. गणिताशी जुळतंय. ग्रिप खाली धरल्यावर क्लबहेड हलकं वाटतं, आणि तेही बरोबरच: अर्ध्या इंचाला स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) तीनेक अंकांनी उतरतं.

तेव्हा बेत बदलला. आता बटकडून (शाफ्टच्या ग्रिपकडच्या टोकाकडून) अर्धा इंच कापायचा आणि फक्त दीड अंश वाकवायचं. स्टीलच्या शाफ्टला प्लंबरचा पाइप-कटर पुरतो. ग्रॅफाइटला तो चालवू नका, तंतू चिरडतात. ग्रिप वाचवायची असेल तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा आत सोडून ती फुगवून काढता येते, डोळ्यांवर चष्मा ठेवून. उतरलेलं स्विंगवेट भरायला हेडला सहा ग्रॅम, म्हणजे एका अंकाला दोन ग्रॅम. लेड टेप मागवायला वेळ लागतो. चाकं बॅलन्स करणाऱ्यांकडे चिकटवायच्या 5 ग्रॅमच्या पट्ट्या मिळतात. एक पट्टी, वर ग्रॅमभर टेप, कॅव्हिटीत (हेडच्या मागच्या खोबणीत) खालच्या बाजूला. वजन सराफ बाजारातल्या काट्यावर करून घ्या. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमने उडी मारतो.

वाकवताना दोन पथ्यं. हेड फोर्ज्ड सौम्य पोलादाचं असेल तरच दीड अंशाला हात घाला. 17-4 स्टेनलेसचं कास्ट हेड अडून बसतं आणि होझलला (शाफ्ट बसतो त्या मानेला) तडा जाऊ शकतो. आणि एकाच दिशेला, थोडं थोडं, गरम न करता. पुढे-मागे वाकवलेली मान पुढे कधीतरी दगा देते. प्रत्येक वेळी लॉफ्टही पुन्हा मोजा: लाय वाकवताना लॉफ्ट अर्ध्या अंशाने सहज सरकतो.

आधी सगळा सेट वाकवायला द्यायचं ठरलं होतं. आता पहिला फक्त पीडब्ल्यू, कारण चूक तिथेच सगळ्यात मोठी दिसते. तो सरळ झाला की 9, 8, 7. 4 आणि 5 बहुधा नुसते कापून भागेल, उरलेला दीड अंशाचा फरक लांब आयर्नला जाणवत नाही.

पीडब्ल्यू टूलरूमला जाणारच आहे तर आणखी एक प्रश्न: 45 नंतर थेट 56 चा सँडवेज, मध्ये 11 अंशांचं भगदाड. पीडब्ल्यूचा लॉफ्ट 46 करायचा मोह होतोय, पण मग 9-आयर्नपासूनचं अंतर बिघडतं आणि बाऊन्सही (सोलचा जमिनीशी होणारा कोन) एक अंशाने वाढतो. नको. 50 अंशांचा वेज घेऊ, लाय आधीच मोजून.