चाळकेवाडीचे पठार, उंच पवनचक्क्या आणि दृश्य-परिणामाचे मूल्यमापन

साताऱ्याच्या नैर्ऋत्येला, ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या आता त्या मुलखाच्या ओळखीचाच भाग झाल्या आहेत. त्यांतील बरीच यंत्रे जुनी आणि कमी क्षमतेची आहेत. केंद्र सरकारच्या २०२३च्या सुधारित धोरणाने २ मेगावॉटपेक्षा कमी क्षमतेची यंत्रे काढून त्यांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्यास वाट करून दिली आहे, त्यामुळे या पठारासाठीही तसा प्रस्ताव येणे स्वाभाविक आहे. मी पवनऊर्जेच्या बाजूचा आहे. मात्र असा प्रस्ताव आला तर पठाराच्या रूपावर आणि दुरून दिसणाऱ्या दृश्यावर त्याचा काय परिणाम होईल, हे आधी नीट तपासले जावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी जो ‘१-अ’ नमुना आहे, त्यात नियोजित बांधकामामुळे एखादे दृश्य वा निसर्गसौंदर्य झाकले जाईल का, असे स्पष्टपणे विचारले आहे. त्याचे उत्तर कोणत्या पद्धतीने शोधायचे हे मात्र नमुना सांगत नाही, त्यामुळे एका वाक्यातल्या नकारावरही भागते. पवनऊर्जा तर त्या अधिसूचनेच्या परिशिष्टातच नाही. म्हणजे वीस हजार चौरस मीटरच्या गृहसंकुलाला निदान एक प्रश्न विचारला जातो आणि कड्याच्या माथ्यावर दीडशे मीटरहून उंच जाणाऱ्या यंत्राला तोही विचारला जात नाही. जागतिक वारशाचा आधारही इथे अपुरा पडतो. २०१२ साली कास पठार आणि कोयना अभयारण्यासह पश्चिम घाटातील ३९ स्थळांना तो दर्जा मिळाला, पण परिसंस्था आणि जैवविविधता या निकषांवर. निसर्गसौंदर्याच्या निकषावर नव्हे.

ब्रिटनमध्ये या कामाची शिस्त बसलेली आहे आणि तिच्यातला मुख्य भेद मला फार मोलाचा वाटतो. भूदृश्यावरचा परिणाम वेगळा मोजायचा आणि पाहणाऱ्या माणसाच्या दृश्यावरचा परिणाम वेगळा. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर अवजड क्रेनसाठी रुंद रस्ते कापले, पाया खणला, पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्याच्या वाटा बदलल्या, तर ते कोणाच्याही नजरेस पडले नाही तरी पठार बदलते. उलट, यंत्राचे पाते खालच्या गावातल्या अंगणातून दिसू लागले, तर सड्याचा एक दगडही न हलता तिथल्या माणसाचे क्षितिज बदलते.

दुसऱ्या प्रकारच्या परिणामासाठी आधी दृश्यमानतेचा नकाशा करतात. भूभागाच्या उंचीची माहिती संगणकात भरून, पृथ्वीची वक्रता जमेस धरून, यंत्राचे टोक सैद्धांतिकदृष्ट्या कुठून कुठून दिसू शकेल ते काढले जाते. दीडशे मीटरहून उंच यंत्रांसाठी स्कॉटलंडमधील मार्गदर्शनात ४५ किलोमीटर त्रिज्येपर्यंत पाहायला सांगितले आहे. चाळकेवाडीभोवती तेवढे वर्तुळ काढले, तर सज्जनगड, अजिंक्यतारा, कास आणि संपूर्ण सातारा शहर त्यात येते. यातील प्रत्येक ठिकाणाहून यंत्र दिसेलच असे नाही, कारण मधल्या डोंगरसोंडा आड येतात. आणि केवळ उघड्या जमिनीवरून केलेला नकाशा झाडे व घरे धरत नसल्यामुळे तो परिणाम वाढवूनच दाखवतो. म्हणून त्या नकाशावरून ठिकाणे निवडून प्रत्यक्ष तिथे जाऊन उभे राहावे लागते.

खरी मेख या निवडीत आहे. पर्यटकांची ठिकाणे सहज सुचतात, पण समर्थांच्या समाधीसाठी सज्जनगडावर येणारा भाविक, परळीच्या खोऱ्यातला शेतकरी आणि सड्यावर गुरे नेणारा गुराखी यांचे पाहणे निरनिराळे असते. कोणते दृश्य त्यांना आपले वाटते हे गावात बसून विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ते कोणत्याही नकाशावर उमटत नाही.

ऋतूचा मुद्दाही इथे ब्रिटनपेक्षा तीव्र आहे. पावसाळ्यात हे पठार अनेकदा पूर्ण धुक्यात असते, मे महिन्यात हवा धुरकट होऊन दूरचे डोंगर पुसट होतात, आणि पाऊस ओसरल्यावर कडेकपारी लख्ख दिसतात. मे महिन्यातल्या छायाचित्रावर यंत्राचे चित्र बसवून परिणाम नगण्य ठरवणारा अहवाल मी तरी ग्राह्य धरणार नाही. अशी छायाचित्रे ठरावीक भिंगाने, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावीत आणि मोठ्या आकारात छापावीत. रुंद कोनाच्या भिंगातून दूरची वस्तू प्रत्यक्षाहून लहान भासते.

नव्या यंत्रांच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. मोठी यंत्रे संख्येने कमी लागतात आणि त्यांची पाती संथ फिरतात, त्यामुळे आजची दाटी विरळ होऊ शकते. मात्र त्यासाठी जुने मनोरे, वीजवाहिन्या आणि निरुपयोगी रस्ते खरोखर काढले जातील, ही मंजुरीचीच अट असायला हवी. तसेच उंच यंत्रांवर विमानांसाठी लाल दिवे लागतात, म्हणून रात्रीचे दृश्य स्वतंत्रपणे तपासावे लागेल. हा सगळा अहवाल छायाचित्रांसह, मराठीत, ठोसेघर आणि परळीच्या ग्रामपंचायतींत निर्णयाच्या पुरेसा आधी ठेवला जावा आणि त्यावरच्या हरकतींना लेखी उत्तर मिळावे.